नीळ जास्त झाली: एका हिमपहारेकरणीच्या रंगकामाचं प्रकरण

थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापलेली, ७५ मिलिमीटर उंचीची एक म्हातारी पहारेकरीण. अंगावर फरची कड असलेला जाड झगा, उजव्या हातात भाला, भाल्याचं पातं बर्फाचं. डाव्या हातात कमरेच्या उंचीवर धरलेला कंदील. डोक्यावरचं टोपडं कपाळापर्यंत ओढलेलं. कल्पनारम्य जगातले खेळ पटावर खेळणाऱ्यांच्या मूर्ती साधारण २८ ते ३२ मिलिमीटरच्या असतात. ही त्याहून मोठी, खेळायची नव्हे तर मांडून ठेवायची. रंगवायची मागणी एका ओळीची होती: पाहणाऱ्याला थंडी वाजली पाहिजे.

मूर्ती माझ्या भाच्याची. तो नागपुरात शिकतो, त्याच्या मित्रांचा असे खेळ खेळणारा गट आहे आणि प्रिंटर त्याच्या खोलीवरच आहे. रंगवणारे आमच्या गावचे भाऊ. गाव वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी, चहूबाजूंनी संत्र्याच्या बागा. भाऊंच्या घरी वडिलांपासून मूर्तिकाम चालत आलेलं: गणपती, शारदा, देवी, आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवणं. देवीचं विसर्जन झालं की त्यांचे हात मोकळे होतात आणि ते संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोड्यावर, म्हणजे फळं तोडायच्या कामाला, जातात. मी इथल्या शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे भाच्यानं विचारल्यावर दुसरं नाव मनात आलंच नाही.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण असं की थंड रंगसंगतीबद्दलचा सल्ला बहुतेक वेळा "निळा वापरा" इथेच संपतो. शाळेतल्या ग्रेड परीक्षांना मुलं उष्ण रंग आणि शीत रंग पाठ करतात: लाल, नारिंगी, पिवळा इकडे, निळा, हिरवा, जांभळा तिकडे. ते खरंच आहे, पण मूर्ती हातात घेतल्यावर तेवढ्यानं भागत नाही. भाऊंच्या कामात थंडी कुठून येते ते एकेक करून दिसत गेलं. निळ्याचा वाटा त्यात माझ्या अंदाजापेक्षा बराच कमी निघाला.

पहिला हात

दिवसभर तोडा, म्हणून रंगकाम रात्री. भाऊंची कामाची खोली म्हणजे घरामागची टिनाची शेड, मधोमध लोंबता पिवळा बल्ब. मूर्तीला राखाडी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारं अस्तर, नागपुरातच मारून आला होता. त्यावर भाऊंनी पोस्टर कलर घेतले, कारण हातात तेच बसलेले. झगा गडद निळा, पातं आकाशी, बैठकीवरचा बर्फ फिकट निळा, चेहऱ्यालाही निळसर झाक. फरला बाटलीतला पांढरा जसाच्या तसा. कंदीलसुद्धा निळा, कारण मागणीच थंडीची होती.

सकाळी मूर्ती ओट्यावर आणली. भाऊ बराच वेळ तिला फिरवून फिरवून पाहत होते.

"सर, रंग तं बरोबर लावला, पण थंडी काही येऊन नाही राह्यली."

वहिनी तिथेच दोरीवर कपडे टाकत होत्या. त्यांनी एकदा वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो, नीळ लय झाली इले."

पांढऱ्या धोतराला नीळ का देतात? धुऊन धुऊन कपडा पिवळट पडतो, त्या पिवळटपणाला निळ्याचा किंचित स्पर्श मारतो आणि कपडा पांढरा दिसतो. मात्रा थोडी वाढली की धोतर पांढरं दिसायचं सोडून निळं दिसू लागतं. या मूर्तीचं नेमकं तेच झालं होतं. योगायोग असा की कपड्यांची नीळ आणि चित्रकाराचा अल्ट्रामरीन हे मुळात एकच रंगद्रव्य. एकोणिसाव्या शतकात ते कारखान्यात बनायला लागलं आणि स्वस्त झालं. म्हणजे वहिनींनी रोगही ओळखला आणि औषधाचं प्रमाण चुकलं हेही सांगितलं.

बल्बाचा हात

निळा एवढा वाढला कसा, हे शोधताना मी आधी भाऊंच्या सवयीकडे पाहत होतो. गणपती मंडपात वीस-पंचवीस फुटांवरून दिसायचा असतो, रंग भरघोस आणि सपाट लागतो. तो हात लहान मूर्तीवर चालला की रंग ओरडतात. हे कारण होतंच, पण मोठं कारण डोक्यावर लोंबत होतं.

तारेचा पिवळा बल्ब साधारण २७०० केल्व्हिनचा प्रकाश देतो. केल्व्हिन हे इथे प्रकाशाच्या छटेचं माप; आकडा लहान तितका प्रकाश पिवळा. त्यात लाल-पिवळा भाग भरपूर आणि निळा भाग अगदी थोडा. निळं रंगद्रव्य निळा प्रकाश परत पाठवतं. मुळात तो आलाच नाही तर परत काय पाठवणार? त्यामुळे अशा बल्बाखाली निळा मळकट, काळपट दिसतो. भाऊ प्रामाणिकपणे डोळ्यांना दिसेल तसं दुरुस्त करत गेले. झगा निळा वाटेना, आणखी निळा लावला. बर्फ पिवळा दिसला, त्यात आणखी निळा घातला. रात्रीच्या त्या खोलीत मूर्ती बरोबरच असणार. सकाळच्या उन्हात तिनं जमा झालेला सगळा निळा एकदम दाखवला.

गणपतीच्या कामात हे कधी जाणवलं नाही, कारण तिथे पितांबर, शेंदूर, सोनेरी, गुलाबी असे उष्ण रंगच जास्त, आणि पिवळ्या प्रकाशात ते उलट खुलतात. निळ्यावर पोट असलेलं हे त्यांचं पहिलंच काम. उपाय साधा होता: ६५०० केल्व्हिनचा पांढरा एलईडी, आणि रंग ठरवायचं काम दिवसाउजेडी. लावायचं काम रात्री चालेल, पण मिश्रण ठरेल ते ओट्यावर, उत्तरेकडच्या उजेडात.

पहिला हात उतरवणं सोपं गेलं. पोस्टर कलरमधला बांधणारा पदार्थ डिंकासारखा, वाळल्यावरही पाण्यात विरघळणारा. कोमट पाणी आणि मऊ टूथब्रश घेऊन भाऊंनी मूर्ती धुतली, खालचा प्रायमर शाबूत राहिला. हाच गुण पुढे अडचणीचा ठरला असता. लहान मूर्तीवर एकावर एक पातळ, पारदर्शक थर चढवावे लागतात. पोस्टर कलरवर ओला थर दिला की खालचा उचकटतो. म्हणून इथून पुढे ॲक्रेलिक. ते एकदा वाळलं की पाण्यानं हलत नाही.

ॲक्रेलिकची एक अट आमच्या हिवाळ्यात आडवी येते. त्यातले प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाणी उडाल्यावर एकमेकांत मिसळून पापुद्रा बनवतात, आणि साधारण दहा अंशांच्या खाली ते मिसळणं नीट होत नाही. थर भुसभुशीत राहतो, बोटानं निघतो. विदर्भ म्हटलं की लोकांना पंचेचाळीस अंशांचा मे आठवतो, पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. जानेवारीत टिनाच्या शेडमध्ये रात्री दहाच्या खाली जाणं आमच्याकडे नवल नाही. त्यामुळे रात्रीचं रंगकाम स्वयंपाकघरात, चुलीच्या भिंतीशी हललं. दुपारी उलटी तऱ्हा: हवा कोरडी, रंग ब्रशवरच वाळतो. त्यासाठी स्टीलच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही ओला सापडतो.

संत्र्याची साल

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग.

भाऊंना मी निळा बाजूला ठेवायला सांगितला आणि राखाडी बनवायला बसवलं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर, म्हणजे निळा आणि भाजलेल्या मातीचा तपकिरी, हे दोन एकमेकांना मारतात. बरोबरीनं मिसळले तर जवळजवळ काळा. त्यात पांढरा घातला की राखाडी, आणि दोघांतला एक किंचित वाढवला की ती राखाडी थंड किंवा उबदार होते. भाऊंनी पुठ्ठ्यावर ओळीनं ठिपके काढले: एका टोकाला मातकट, दुसऱ्या टोकाला ढगाळ. मधले दोन-तीन ठिपके असे की त्यांना कोणत्याच बाजूचं म्हणता येईना.

खायला घेतलेल्या संत्र्याची साल तिथेच पडली होती. मी ती मधल्या ठिपक्याला चिकटवून ठेवली.

भाऊ पुठ्ठ्यावर वाकले. साल उचलली, ठेवली, परत उचलली. "हा तं निळा झाला जी!"

ठिपका तोच होता, त्यात निळा जास्त नव्हता. नारिंगीशेजारी ठेवलेली कोणतीही बिनरंगी राखाडी डोळ्याला निळसर दिसते, कारण डोळा प्रत्येक रंगाच्या शेजारी त्याचा विरोधी रंग स्वतःच भरतो. मिशेल शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं यावर १८३९ साली मोठा ग्रंथ काढला. तो पॅरिसच्या गोबलँ या सरकारी गालिचा-कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तक्रारी येत की काळा फिका पडतो. शेव्हरलनं तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्या काळ्याला बिघडवत होते.

ज्या गावात डिसेंबरभर संत्र्यांचे ढीग लागतात तिथे हा धडा शिकवायला पैसे लागत नाहीत. माझी मुलं आता रंगचक्र शिकताना खिशातून साल काढतात.

या एका ठिपक्यानं मूर्तीची सगळी आखणी बदलली. ठरलं असं: झगा, फर, बैठक, भाला, यांचा मोठा हिस्सा राखाडीचा, थंडीकडे जेमतेम झुकलेला. खरा निळा फक्त खोल सावलीत. आणि कंदील नारिंगी. अख्ख्या मूर्तीवर उबदार रंग दहाव्या हिश्शाहूनही कमी, पण उरलेल्या नऊ हिश्शांना निळं करायचं काम तोच करणार.

सावली निळी का

फरच्या वेळी भाऊंनी एक प्रश्न विचारला तो मला फार आवडला. बर्फ पांढरा, तर त्याच्या सावलीत निळा कुठून येतो? आपल्या भिंतीला चुना असतो, तिची सावली तर निळी दिसत नाही.

दिसते, नीट पाहिलं तर. उन्हात जागेवर दोन दिवे असतात: सूर्य, पिवळसर, आणि अख्खं आकाश, निळं. सूर्याचा प्रकाश जिथे अडतो तिथे आकाशाचा तेवढा पोचतो. मातीची सावली तपकिरीच राहते कारण मातीला स्वतःचा रंग आहे. पांढऱ्याला तो नसतो, म्हणून आकाश जसं असेल तसं तो दाखवतो. ढगाळ दिवशी आकाश राखाडी, तर सावलीही राखाडी. भाऊंनी दुपारी शाळेच्या चुनकळी लावलेल्या भिंतीवर हात आडवा धरून सावली पाहिली आणि मान हलवली.

यातून फरची पद्धत निघाली. सुरुवात मध्यम निळसर राखाडीनं. खोबणीत अल्ट्रामरीनचा पातळ ओघळ. मग जवळजवळ कोरडा ब्रश केसांच्या टोकांवरून हलकेच फिरवायचा, आधी फिकट राखाडी, मग त्याहून फिकट. शुद्ध पांढरा फक्त खांद्यावरच्या आणि टोपड्याच्या वरच्या कडेवरच्या टोकांना. बाटलीतला पांढरा खालपासून लावला तर वर चढायला जागाच राहत नाही, ही गोष्ट भाऊंना सांगावी लागली नाही. हत्तीच्या सोंडेवर प्रकाश दाखवताना ते हेच करतात, फक्त तिथे स्प्रेगन असते.

चेहरा

गणपतीच्या डोळ्यांची आखणी हे आमच्याकडे घरातल्या सगळ्यात वडील हाताचं काम. भाऊंचा हात त्यात पक्का आहे. त्यांनी पहारेकरणीचे डोळे आखले तेही तसेच: मोठे, उघडे, काळी कड, आत पांढरा. बारीक कामाची सफाई पाहून मी थक्क झालो, पण म्हातारी त्यामुळे प्रसन्न दिसू लागली. बोचऱ्या वाऱ्यात माणूस डोळे बारीक करतो. पांढरा जवळपास दिसतच नाही. वरच्या पापणीची सावली आणि एक ओला ठिपका, एवढंच. भाऊंनी पापणी खाली ओढली आणि काम झालं.

रंगासाठी आम्हाला नमुना लांब शोधावा लागला नाही. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच येते, त्यामुळे गहू-हरभऱ्याचं ओलित करायला माणसं जानेवारीच्या रात्री शेतात असतात. पहाटे ती पारावरच्या शेकोटीला येतात, तेव्हा भाऊ आणि मी जाऊन बसलो. पाहायला गेलं तर तिथे कुणाचाही चेहरा निळा नसतो. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून गाल आणि कपाळ फिके पडतात, सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखी झाक येते. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, बोटांची पेरं मात्र लालसर, कारण बराच वेळ गारठलेल्या टोकांना शरीर मधूनमधून रक्त सोडतं. ओठ जांभळट. हाताच्या पाठीवर कोरड्या कातडीच्या पांढऱ्या रेघा.

भाऊंनी हे सगळं लक्षात ठेवून घरी आल्यावर उतरवलं. आधीचा निळसर चेहरा गेला. त्या जागी फिकट, पिवळट-राखाडी कातडी. नाकाला आणि पेरांना लाल-जांभळ्याचा पाण्यासारखा थर. ओठाला तोच जांभळा जरा दाट. गालावर गुलाबी अजिबात नाही. मूर्तिकाराला गालावरचा गुलाबी सोडणं किती अवघड जातं हे मी शेजारी बसून पाहिलं. स्वच्छ ब्रश गालापाशी जाऊन दोनदा परत आला.

माझं मत असं की मूर्तीत थंडी सगळ्यात जास्त या लाल नाकातून येते. थंडी भोगणारं शरीर दिसलं की बाकीचा देखावा आपोआप खरा वाटतो.

लादी आणि गार

पात्याचा बर्फ हा सगळ्यात कठीण तुकडा. रेझिन अपारदर्शक राखाडी, आणि दाखवायचं पारदर्शक. अशा कामांत बर्फ बहुतेक गडद फिरोजी रंगवतात. हिमनदीचा बर्फ तसा दिसतो हे खरं, पाणी प्रकाशातला लाल भाग थोडा शोषतं म्हणून. पण त्यासाठी काही मीटर जाडीचा बर्फ लागतो. भाल्याच्या पात्याएवढ्या बर्फाला रंग नसतो.

भाऊंनी बर्फाचा डोंगर पाहिला नाही, पण लग्नात लादी फोडली आहे. कारखान्यातली लादी आठवा: कडा स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या, मधोमध पांढरा गाभा. मिठाच्या गार पाण्यात सोडलेल्या पत्र्याच्या डब्यात पाणी बाहेरून आत गोठत जातं, पाण्यातली हवा आत आत ढकलली जाते आणि शेवटी मधे बारीक बुडबुड्यांच्या रूपात अडकते. तो पांढरा भाग म्हणजे हवा. गारांचंही तसंच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथे कुणी विसरलेलं नाही. तेव्हा हातात घेतलेल्या मोठ्या गारा ज्यांनी फोडून पाहिल्या त्यांना एकाआड एक स्वच्छ आणि दुधट थर दिसले असतील.

म्हणून पात्याच्या मधल्या शिरेवर दुधट पांढरा, कडांकडे स्वच्छ. "स्वच्छ" रंगवायचं म्हणजे मागचं जे दिसेल ते रंगवायचं: पात्यामागे झग्याची कड येते, तर पात्याच्या खालच्या भागात झग्याचीच राखाडी, किंचित फिकी करून. उजेडाचं गणितही उलटं होतं. भरीव वस्तूवर उजेड ज्या बाजूनं येतो ती बाजू उजळ. पारदर्शक वस्तूत उजेड आत शिरून पलीकडच्या बाजूला साठतो. वर डावीकडून उजेड, तर वरची डावी कड गडद, तिच्यावर एकच कडक पांढरा ठिपका, आणि खालची उजवी बाजू उजळ. फिरोजीचा मोह भाच्यासाठी थोडा ठेवला, थॅलो ब्ल्यूचा एक अगदी पातळ थर, शिरेच्या बुडाशी. हिरव्याकडे झुकणारा हा निळा बर्फाला चांगला बसतो. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, तो सावलीतच बरा.

कंदील

कंदिलाचा उजेड कुठे कुठे पडेल हे अंदाजानं ठरवलं की हमखास जास्त पडतो. आम्ही अंधाऱ्या खोलीत मूर्तीच्या हाताशी एक बारीक टॉर्च धरला, पुढे नारिंगी पतंगी कागद लावून, आणि मोबाईलवर फोटो काढला. मूठ, हनुवटीची डावी बाजू, नाकाची खालची कड, झग्याच्या आतली एक चुणी, बस. गुडघ्याखाली काहीच नाही. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो, त्यामुळे मुठीवर झगझगीत असलेला रंग हनुवटीवर पोचेपर्यंत नुसती कुणकुण उरते.

कंदिलाच्या काचेला मधे जवळजवळ पांढरा-पिवळा, बाहेर नारिंगी. दिव्याचं सगळ्यात प्रखर ठिकाण सगळ्यात फिकट असतं. तिथे गडद नारिंगी भरला तर तो रंगवलेला लाकडी तुकडा वाटतो. फरच्या ज्या टोकांना कंदिलाचा उजेड लागतो तिथे भाऊंनी पांढऱ्यात पिवळ्या मातीच्या रंगाचा किंचित अंश घातला. हे पूर्ण झालं आणि झग्याची ती बिनरंगी राखाडी, पुठ्ठ्यावर झाली होती तशीच, निळी झाली.

बैठक, आणि वरचा हात

बर्फासाठी खाण्याचा सोडा गोंदात कालवून वापरायची पद्धत बरीच प्रचलित आहे. ती मी टाळली, कारण असा बर्फ काही काळानं पिवळा पडतो. त्याऐवजी आठवडी बाजारातली दगडाची पांढरी रांगोळी मलमलीतून गाळून घेतली, पांढरा रंग आणि मॅट मीडियममध्ये (रंगात मिसळायचा, न चमकणारा बिनरंगी पदार्थ) कालवली, आणि वरून पडल्यासारखी फक्त आडव्या पृष्ठांवर बसवली: बैठक, दगडाचा माथा, बुटांचे पंजे. उभ्या पृष्ठांवर बर्फ साचत नाही, तिथे दहिवर येतं, तेही कडांवरच. झग्याच्या खालच्या कडेला कोरड्या ब्रशनं पांढऱ्याचा नुसता धूर दिला.

वार्निशची वेळ महत्त्वाची. सकाळी धुई असते, हवेत ओल असते, आणि अशा हवेत स्प्रे वार्निश मारलं तर ते धुरकट पांढरं पडू शकतं. अकरा वाजून ऊन तापल्यावर मारलं. जागाही बदलली, कारण घरात वेचणीचा कापूस भरलेला होता आणि ओल्या वार्निशवर तंतू येऊन बसतात. सुईनं एक-दोन काढावे लागले, मग पुढचा थर बागेकडच्या ओसरीत. सगळी मूर्ती मॅट, चकाकणारं वार्निश ब्रशनं फक्त तीन ठिकाणी: पातं, कंदिलाची काच, डोळ्यांतला ठिपका. गोठलेल्या जगात ओलं आणि काचेचं तेवढंच चमकतं.

भाच्याला आधी फोटो पाठवला तेव्हा तो नाराज झाला, निळा कमी दिसतोय म्हणाला. मोबाईल आपल्या मनानं पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) साधतो आणि थंड झाक पुसून टाकतो. मूर्तीशेजारी पांढरा कागद ठेवून, तोल हातानं लावून पुन्हा फोटो काढला. मूर्ती प्रत्यक्ष हातात पडल्यावर त्यानं पहिल्यांदा तिचं नाक पाहिलं, असं त्यानं सांगितलं; मला ते पुरेसं वाटलं.

काम शंभर टक्के जमलं असं मी म्हणणार नाही. मागून पाहिलं तर कंदील दिसत नाही, आणि तो दिसत नाही तिथे राखाडी नुसती राखाडी राहते. भाऊंचं म्हणणं, पाठीकडे अल्ट्रामरीन थोडा मोकळ्या हातानं द्यायला हवा होता. मला वाटतं बैठकीवर मागच्या बाजूला एखादी वाळकी, तांबूस काडी रोवली असती तरी भागलं असतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

भाच्याच्या गटातून आता दुसरी मूर्ती आली आहे: बर्फात उभा एक लांडगा, अंगावर ना कपडा, ना हातात दिवा. उबेला जागा कुठे द्यायची हा प्रश्न मी भाऊंना विचारायच्या आधीच त्यांनी उत्तर काढून ठेवलं होतं. पुठ्ठ्यावर राखाडीचे नवे ठिपके होते, आणि मधोमध मोहरीएवढे दोन पिवळे.

"डोये पिवळे ठेवतो सर. बाकी अंगाले निळा नाही लावत."